कल्ले किती ठेवू?

त्याला सगळे गप्पू म्हणायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, सलूनवाला आहे, भरपूर गप्पा मारत असेल, म्हणून गप्पू. अर्धी दाढी होईपर्यंत त्याचा गैरसमज दूर व्हायचा. हा गप्प बसतो म्हणून गप्पू! बाजारात असा सलूनवाला दुसरा नव्हता. याला राजकारणावर मत नाही, हवेवर मत नाही, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली याची चौकशी नाही. "कल्ले किती ठेवू?" एवढं विचारायचा, उत्तर ऐकून मान हलवायचा आणि कामाला लागायचा.

पण हात असा की वस्तरा गालावरून फिरला की माणसाला डुलकी लागावी. समोरचा घड्याळवाला तर खास झोपायलाच यायचा. "घरी गादीवर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि इथे खुर्चीत घोरायला लागतो," असं तो स्वतःच सांगायचा.

दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक गप्पूची, एक त्याच्या वडिलांची. वडिलांची नजर गेल्यापासून दुसऱ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसत नसे, वडीलच बसायचे. कात्रीच्या आवाजावरून ते सांगायचे, "मागे जाड राहिलंय, अजून एक हात फिरव." दुकानामागच्या दोन खोल्यांत घर होतं. बायको कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची आणि बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. "यांच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं, म्हणून माझा घसा सारखा बसतो," असं ती म्हणायची. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी गप्पू वडिलांची दाढी करायचा. तेवढा वेळ बायकोसुद्धा गप्प असायची.

हे सगळं कधी बिघडायला लागलं ते गप्पूला नेमकं सांगता येत नाही. एक दिवस त्याला वाटलं, घड्याळवाल्याने रेडिओ लावलाय. दिवसभर कोणीतरी पुरुष हळू आवाजात बोलत होता. शेवटी गप्पू उठून समोर गेला आणि म्हणाला, "रेडिओ जरा कमी करता का?"

घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग काढून बघत राहिला. "माझ्याकडे रेडिओ कुठे आहे?"

गप्पू परत आला. आवाज त्याच्याआधी दुकानात येऊन बसला होता.

पुढे आवाजाचे शब्द कळायला लागले. दोनच वाक्यं. "कापलंस. बघ, रक्त आलं." गप्पू वाकून बघायचा. गालावर पांढरा फेस, खाली धड कातडी. पुन्हा वस्तरा लावला की पुन्हा तेच. "कापलंस." ज्याला ओरखडासुद्धा उठला नाही अशा माणसालाही तो तुरटी लावायला लागला. एकाच मानेला तीन-तीन टॉवेल वापरायला लागला. लाँड्रीत टॉवेलांचा ढीग बघून बायको म्हणाली, "अहो, लोकांच्या दाढ्या करताय की आंघोळी घालताय?" त्याने आणखी एक टॉवेल ढिगावर टाकला. मुळात न बोलणारा माणूस. आत कितीही गलका झाला तरी बाहेर कोणाला पत्ता लागणार?

आणि मग तो दिवस आला. घड्याळवाला नेहमीसारखा खुर्चीत मान मागे टाकून झोपला होता. एक गाल झाला, दुसऱ्याला फेस लावून झाला. तेवढ्यात आवाज म्हणाला, "गेला तो. डोळे बघ त्याचे." गप्पूने बघितलं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान लुळी. झोपलेला माणूस असाच दिसतो, हे त्याला ठाऊक होतं आणि तरीही त्या क्षणी ते त्याच्या हाती लागेना.

"नाही! मी नाही कापलं!" तो ओरडला. वस्तरा बेसिनमध्ये पडला. गप्पू दाराबाहेर पळत सुटला, हातात साबणाचा ब्रश तसाच. घड्याळवाला दचकून उठला आणि गळ्यातलं कापड सावरत तोही पळाला. एक जण ब्रश घेऊन बाजाराच्या या टोकाला, दुसरा फेस घेऊन त्या टोकाला. वडील आपल्या खुर्चीतून विचारत राहिले, "काय झालं रे? कोण पडलं?"

बायकोला गप्पू सापडला भाजीबाजारामागच्या बागेत, नळापाशी. तो हात धूत होता. घासून घासून बोटं लाल झाली होती.

"काय धुताय?"

"रक्त."

तिने त्याचे हात हातात घेऊन उलटे-सुलटे करून पाहिले. मग तिने नळ बंद केला आणि आपल्या रुमालाने त्याची बोटं एकेक करून पुसली.

"चला घरी."

"पोलीस येतील."

"येऊ देत. चहा टाकते त्यांना."

पोलीस कशाला येतायत? पण बातमी आली. दुपारी लोक म्हणत होते, गप्पूने मानेवर वस्तरा धरला. संध्याकाळपर्यंत घड्याळवाल्याला टाके पडले होते, आणि घड्याळवाला धडधाकट दुकानात बसलेला असूनही त्याने कोणाचं बोलणं खोडलं नाही. "वाचलो म्हणायचं," एवढंच तो म्हणाला. राईचा पर्वत करायला बाजाराला वेळ लागत नाही. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं हवापालट करा, कोणी म्हणालं दुकान विका. "बरं झालं यांचं लग्न झालेलं आहे," बायको म्हणाली, "नाहीतर तोही उपाय कोणीतरी सांगितला असता."

तिने मात्र शटर ओढलं, नवऱ्याला धरलं आणि सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या विभागात नेऊन बसवलं.

तिथली डॉक्टर मध्यम वयाची, शांत बाई होती. गप्पू बोलेना, म्हणून ती घाई न करता थांबली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "एक माणूस आहे. दिसत नाही. तो म्हणतो, मी लोकांना कापतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते मोठ्याने सांगितलं होतं. आता छत कोसळेल असं त्याला वाटलं. डॉक्टर फक्त म्हणाली, "खूप दिवस एकट्याने ऐकलंत हो."

आजाराला लांबलचक नाव होतं. बायकोने ते दोनदा म्हणून घेतलं. "बरे होतील ना?" तिने विचारलं.

"असा आजार असलेली पुष्कळ माणसं कामधंदा करतात, संसार करतात," डॉक्टर म्हणाली. "आवाज कदाचित जाईल, कदाचित थोडा राहील. औषध लागेल, झोप लागेल. आणि माणसं लागतील. ती औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, ती तुम्ही बघा."

काही आठवडे त्याला वॉर्डात राहावं लागलं. तिथे वाईट वागवत नव्हते. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, आणि मोठी सिस्टर कडक असली तरी मायेची होती. फक्त एक दिवस वॉर्डबॉय केस कापायचं मशीन घेऊन आला आणि त्याने सगळ्यांना बाकावर रांगेने बसवलं. मशीनचं पातं बोथट होतं, ते केस कापण्याऐवजी उपटत होतं. मेंढरं भादरावी तशी एकामागून एक डोकी साफ झाली. गप्पूचं डोकंही झालं. खिडकीच्या काचेत त्याने पाहिलं तर सगळे सारखे. त्यातला आपण कोणता हे शोधायला त्याला क्षणभर लागलं. आजारी पडल्यापासून त्याला भीती वाटली होती, लाज वाटली होती. त्या दिवशी पहिल्यांदा राग आला, आणि राग आला याचं त्याला बरं वाटलं.

घरी आला तेव्हा आवाज दूर गेला होता. बंद दाराआड कोणी बोलावं तसा. पण आता वेगळंच संकट उभं राहिलं. गोळ्यांमुळे हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीवर टकटक वाजायचा. त्याने दुकानात जाऊन आरशासमोर वस्तरा उघडला, स्वतःच्या गालाशी नेला आणि तसाच मिटून ठेवला. आगीतून उठलो आणि फुफाट्यात पडलो! डोकं परत मिळालं, तर हात गेला. ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडे हात नाही उरला, तर मग उरलं काय?

त्याने कोणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. सकाळी तोंडात टाकायच्या आणि मागच्या अंगणातल्या मोरीत थुंकायच्या.

हे बायकोच्या लक्षात आलं नाही. आलं ते वडिलांच्या. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. घटना घडल्या दिवसापासून त्यांनी दाढी केलेली नव्हती. शेजारच्यांनी दुसऱ्या सलूनमध्ये न्यायची तयारी दाखवली, पण म्हातारा हटून बसला. "माझी दाढी माझा मुलगा करतो. तोवर वाढू दे. तिला काय, खतपाणी घालावं लागत नाही." आता ती पांढरी दाढी चांगली मूठभर झाली होती. ती कुरवाळत ते एके सकाळी म्हणाले, "सूनबाई, याच्या कपाचा आवाज थांबला, आणि येरझाऱ्यांचा सुरू झाला. याने औषध सोडलंय."

बायकोने गप्पूकडे पाहिलं. गप्पूने खाली पाहिलं. मग मात्र तिचा बांध फुटला. "मी तिकडे लोकांच्या शर्टांना इस्त्री करते आणि इकडे तुमच्या काळजीने माझ्या काळजाला सुरकुत्या! एक शब्द सांगता येत नव्हता? एक! 'हात थरथरतो', संपलं! त्यासाठी काय भाषण करायचं होतं?" आणि बोलता बोलता ती रडायला लागली. गप्पूने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "हात थरथरतो." मग तिचा हात धरून, "आणि तो परत आलाय."

दुसऱ्याच दिवशी दोघं डॉक्टरसमोर.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काम काय करता," डॉक्टर म्हणाली. "तुम्ही म्हणालात, दुकान आहे."

"आहेच."

"कसलं दुकान, हे मी विचारलं नाही. चुकलं माझं. आणि तुम्ही सांगितलं नाही. सलूनवाल्याचा हात थरथरतोय, ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे. दुसरं औषध बघू. वेळ लागेल, दोन पावलं पुढे, एक मागे होईल. पण परत असं गुपचूप काही करायचं नाही. आणि अजून एक. शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत काही लोक जमतात. ज्यांना असे आवाज येतात, ते."

"तिथे बोलावं लागतं?" गप्पूने काळजीने विचारलं.

"नाही. नुसतं बसलं तरी चालतं."

तेवढ्या एका वाक्यावर तो गेला. खोलीत जुन्या खुर्च्या गोल मांडलेल्या, एका टेबलावर किटली आणि कप. मध्यभागी कोणी साहेब नव्हता, सगळे सारखेच. त्यातल्या त्यात एका म्हाताऱ्या बाईचा शब्द चालायचा. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली होती, म्हणून सगळे तिला टेलिफोन मावशी म्हणायचे.

"आयुष्यभर मी लोकांचे आवाज जोडून दिले," पहिल्याच दिवशी ती त्याला म्हणाली. "नोकरी संपली, पण आवाज काही निवृत्त झाले नाहीत. आता माझ्याकडे येतात ते सगळे राँग नंबर."

सगळे हसले. गप्पू चकित झाला. या गोष्टीवर हसता येतं?

तो बसायचा, चहा प्यायचा, घरी जायचा. असं काही शनिवार चाललं. मग एकदा शेजारी बसलेला दांडगा क्रेनवाला सांगत होता, "माझा म्हणायचा, दोर तुटला. मी तिथे आकाशात टांगलेला, आणि दिवसभर दोर बघत बसायचो. खालचे म्हणायचे, माल कधी उचलणार? मी म्हणायचो, आधी दोर बघू दे!"

"माझा म्हणतो, मी कापलं," गप्पू म्हणाला.

 क्रेनवाल्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. "आणि तू बघायचास?"

"सारखा. तुरटी लावायचो."

"मी ग्रीस लावायचो!" क्रेनवाला म्हणाला आणि त्याने गप्पूच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या कपातला चहा सांडला. त्या दिवशी गप्पू इतका बोलला की घरी जाईपर्यंत त्याचा घसा दुखत होता. बायकोने मध टाकून गरम पाणी दिलं. "आलात ना माझ्या पंक्तीला?" ती म्हणाली. मनातून तिला आकाश ठेंगणं झालं होतं.

मावशीने त्याला एक युक्ती शिकवली. "त्याच्याशी भांडायचं नाही आणि त्याचं ऐकायचंही नाही. म्हणायचं, आत्ता काम चालू आहे, संध्याकाळी बोलू. आणि संध्याकाळी थोडा वेळ खरंच द्यायचा. त्यांनाही माणसासारखं वागवलं की जरा वळणावर येतात. सगळ्यांना जमतंच असं नाही, पण करून बघ."

आता या क्रेनवाल्याची गोष्ट. त्याचे केस खांद्याखाली आलेले, मागे जटा झालेल्या. आरशात बघितलं की मागे कोणी उभं आहे असं त्याला वाटायचं, आणि मशीनची घरघर त्याला सहन व्हायची नाही. त्यामुळे सलून कसं ते त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. एका गोदामात कामासाठी भेटायला बोलावलं होतं, पण या अवतारात जाणार कसा? त्याने हे सांगितलं, तसा गप्पू म्हणाला, "आरसा नसला तर? आणि मशीनपण नाही. नुसती कात्री."

पुढच्या शनिवारी तो कात्री आणि कंगवा टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. नवीन औषधाने हात पुष्कळ सुधारला होता, पण पुरता नव्हता. क्रेनवाला खुर्चीत बसला आणि त्याने खांद्यावरून मागे पाहिलं.

"हात थरथरतोय तुझा."

"हो."

"माझं डोकंही थरथरतंय. जमेल आपलं."

गप्पूने कात्री चालवली. आणि त्याच्या लक्षात आलं की या माणसाला आरशाशिवाय मान हवाली करून बसवायचं तर बोललंच पाहिजे. "आता मागे येतोय. कानाजवळ कात्रीचा आवाज येईल, घाबरू नकोस. आता कंगवा, ओढल्यासारखं होईल." असं तो सबंध वेळ बोलत राहिला. जमिनीवर केसांचा ढिगारा पडला आणि त्या ढिगाऱ्याच्या वर एक तरणा, देखणा माणूस निघाला. टेलिफोन मावशीने टाळी वाजवली. "अगं बाई! हा आत होता होय इतके दिवस?"

आपल्या हातांकडे बघत गप्पू घरी आला. वडील दुकानात आपल्या खुर्चीत बसले होते. त्याने पाणी गरम केलं, ब्रश भिजवला. म्हाताऱ्याने कान टवकारले.

"आज?"

"आज."

आधी कात्रीने दाढी कमी केली, मग फेस लावला, मग चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा फिरवला. तो आवाज ऐकून वडिलांनी मान आपोआप मागे टेकली. बायको मधल्या दारात उभी राहिली, इस्त्रीचे टॉवेल छातीशी धरून.

पहिला हात फिरला आणि तो आवाज बोललाच. "कापलंस."

"आत्ता काम चालू आहे," गप्पू मोठ्याने म्हणाला. "संध्याकाळी."

"कोणाशी बोलतोयस?" वडिलांनी विचारलं.

"त्याच्याशी."

"बरं. त्याला सांग, हनुवटीखाली माझी कातडी लोंबते, तिथे मध्ये-मध्ये करू नकोस."

बायकोला हसू आवरेना. गप्पूही हसला, आणि हसताना हनुवटीखाली वस्तरा किंचित सरकला. पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका उमटला. खरा. गप्पू जागच्या जागी थिजला. इतके दिवस जे झालं नव्हतं ते आज झालं होतं, आणि तेही बापाच्या गळ्यावर.

म्हाताऱ्याने बोट नेऊन चाचपलं. "एवढंच? अरे, मी उभ्या जन्मात किती जणांना याहून जास्त कापलंय त्याची गणती नाही. सगळे जिवंत राहिले, परत आले. तुरटी लाव आणि पुढे चल. अर्ध्या दाढीने मला बसवून ठेवू नकोस."

गप्पूने तुरटी लावली. ठिपका थांबला. तो बघत राहिला. रक्त हे असं असतं तर. येतं, थांबतं. ज्याला तो इतके महिने घाबरत होता त्याच्या हे नखाएवढंही नव्हतं. त्याने वस्तरा पुसला आणि उरलेली दाढी अशी केली की शेवटी वडील घोरायला लागले.

शटर वर गेलं. पहिल्या दिवशी कोणीच आलं नाही. लोक समोरच्या फुटपाथवरून जायचे आणि आत नजर टाकून पाय उचलायचे. मग बायकोची जीभ कामाला आली. ती पायरीवर उभी राहून म्हणाली, "ज्यांना घाबरायचंय त्यांनी खुशाल घाबरा! पण मग केस वाढवून घाबरा, नाहीतर त्या दुसऱ्याकडून पायऱ्या-पायऱ्या कापून घेऊन घाबरा!" शेजारची फळवाली हसली. कोणीतरी हसलं की अर्धा रस्ता मोकळा होतो.

शनिवारी सगळा गटच दुकानात आला. मावशीला केस फक्त टोकाशी सारखे करून हवे होते. क्रेनवाला, ज्याला गोदामात काम लागलं होतं, तो आरशासमोरच्या खुर्चीत स्वतःहून बसला. "मागे कोणी आहे का बघ," तो गप्पूला म्हणाला. "मी आहे," गप्पू म्हणाला. रस्त्यावरच्यांनी पाहिलं की इतकी माणसं आत गेली आणि गेली त्याहून नीटनेटकी बाहेर आली. पुढच्या आठवड्यात लाँड्रीचा मालक आला, मग फळवालीचा नवरा, मग बाकीचे. घड्याळवाला मात्र कधीच आला नाही. लांबून हात करतो, गप्पूही करतो. सगळ्यांनाच जिंकायला ही काही निवडणूक नव्हती.

आता कोणी नवखा खुर्चीत बसून चाचरत विचारतो, "तुम्हीच का ते, ज्यांचं मागे..."

"हो, मीच," गप्पू म्हणतो. "मला आवाज ऐकू येतात. औषध चालू आहे. कल्ले किती ठेवू?"

एकदा तर भर गर्दीत आवाजाने फारच उचल खाल्ली. गप्पूने कात्री खाली ठेवली आणि तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "माझ्या डोक्यात जरा गोंगाट चाललाय. थोडं थांबाल का?" गिऱ्हाईक म्हणालं, "थांबतो की. पेपर वाचतो तोवर." गप्पू मागे गेला, बायकोशी चार शब्द बोलला, तोंडावर पाणी मारलं, परत येऊन केस पूर्ण केले. एवढं सोपं होतं ते! पण इथवर यायला काय लागलं होतं, ते त्याचं त्याला माहीत.

आणि मग वॉर्ड. तपासणीला गेला असताना दार उघडं होतं, आणि आत तीच रांग, तेच बोथट मशीन. गप्पू सरळ मोठ्या सिस्टरच्या टेबलाशी गेला.

"हे मी करतो. कात्रीने. एकेकाला विचारून."

सिस्टरने त्याला ओळखलं. "वॉर्डात कात्री?" ती म्हणाली. "नियम आहेत."

"नियम पाळू. तुम्ही शेजारी उभ्या राहा."

तिने विचार केला, डॉक्टरशी बोलली, डॉक्टर वर बोलली. होकार यायला बरेच हेलपाटे पडले. एका अधिकाऱ्याने तर फोनवर विचारलं, "म्हणजे पेशंटच्याच हातात कात्री द्यायची?" डॉक्टर म्हणाली, "सलूनवाल्याच्या हातात द्यायची. दुसऱ्या कोणाच्या द्यायची असते?" शेवटी परवानगी आली. कात्री सिस्टरच्या हातून आत यायची आणि तिच्याच हातून बाहेर जायची, एवढी अट.

ठरल्या दिवशी व्हरांड्यात खुर्ची मांडली, चाकांवरचा एक मोठा आरसा ढकलत आणला. बायकोने कडक इस्त्रीचे टॉवेल आणले, आणि क्रेनवाला सुट्टी काढून झाडू मारायला आला. पहिला माणूस पन्नाशीचा, सवयीने मान खाली घालून बसला.

"कसे कापू?" गप्पूने विचारलं.

"कसे म्हणजे?"

"तुम्हाला कसे हवेत?"

माणसाने मान वर केली. आरशात पाहिलं. "थांबा," तो म्हणाला. "आठवतो. कोणी विचारलं नव्हतं हो." बराच वेळ आठवून तो म्हणाला, "पुढे थोडे लांब. आणि भांग डावीकडे."

त्यानंतर जी धमाल सुरू झाली ती विचारू नका. एकाला कल्ले हवे होते, दुसऱ्याने त्याला सांगितलं की तुझ्या गोल तोंडाला कल्ले शोभत नाहीत, त्यावर पहिला चिडला. एकाला मिश्या ठेवायच्या होत्या, पण टोकं वळवून. एक तरुण म्हणाला, "मला कापायचेच नाहीत." "मग नाही कापणार," गप्पू म्हणाला. तरीही तो खुर्चीत येऊन बसला, खांद्यावर टॉवेल टाकून घेतला, स्वतःला नीट न्याहाळलं आणि राजासारखा उठून गेला. सबंध वॉर्ड आरशापाशी गर्दी करून एकमेकांच्या डोक्यांवर मतं देत होता. मोठी सिस्टर हसून हसून बेजार झाली. "इतकी भांडणं या वॉर्डात कधी झाली नाहीत," ती डोळे पुसत म्हणाली, "आणि इतकी चांगली तर मुळीच नाहीत." मग ती आत गेली आणि ते मशीन उचलून अडगळीच्या कपाटात टाकून आली.

भेटीची वेळ झाली. माणसं यायला लागली. एक बाई फळांची पिशवी घेऊन व्हरांड्याच्या तोंडाशी आली आणि तिथेच थबकली. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर फिरली, पुढे गेली, आणि परत मागे आली. पुढे थोडे लांब केस असलेला तो पहिला माणूस तिच्या समोर उभा होता.

"अगं, मीच," तो म्हणाला. "भांग डावीकडे पाडलाय."

तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून बघत राहिली. गप्पूने टॉवेल झटकला, खुर्ची पुसली आणि पुढच्या माणसाला हात केला.

"या," तो म्हणाला. "कसे हवेत?"